तीन तास छप्पन्न मिनिटं

शर्ट शिवायच्या त्या कारखान्यात एकशे चाळीस मशिनी होत्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीचं दुखणं एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. एखादी मशीन टाके सोडायला लागली, सुया मोडायला लागली, की बाई जागेवरूनच हाक मारायची. मिस्त्री यायचा, झाकण न उघडता आधी नुसता आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "हिच्या पोटात दोरा अडकलाय." बहुतेक वेळा अडकलेला असायचा. बोलणं कमी, नजर खाली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाच्या नावावर एक भलतीच गोष्ट जमा होईल आणि ती तो सहा वर्षं उराशी धरून बसेल, असं कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

धावण्याचा नाद त्याला लांब्याने लावला. लांब्या इस्त्री विभागात होता. सहा फुटांवर उंची, हाडं मोजून घ्यावीत असा देह, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. दहा-दहा तास वाफेत उभा राहून तो शर्टांच्या कॉलर दाबायचा, आणि तरी पहाटे कालव्याच्या रस्त्यावर पळायला जायचा. मिस्त्रीला अडतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा लांब्या म्हणाला, "गोळ्या खाऊन काय होणारे? उद्या साडेपाचला ये. पहिले आठ दिवस मला शिव्या देशील, नवव्या दिवशी स्वतः उठवायला येशील."

झालं तसंच.

कालव्यावर पळणारी वीस-बावीस जणांची टोळी होती. तिचे म्होरके होते सर, शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. मैदानाच्या कडेला त्यांनी एक खोली मिळवली होती. आत दोन बाकडी, एक वजनकाटा आणि भिंतीवर एक लाकडी फळा. पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि वर दोनशे मीटर, चार तासांच्या आत पळणाऱ्याचं नाव त्या फळ्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलं जाई. चार तासांना एक मिनिट जास्त लागलं तरी नाव नाही. सर म्हणायचे, "साडेपाचात येतो तो हट्टी, साडेचारात येतो तो कष्टाळू. चाराच्या आत येतो त्याला मी धावणारा म्हणतो." फळ्यावर तेव्हा तीनच नावं होती. एक वकील, एक औषधांच्या दुकानाचा मालक, एक कॉलेजातला प्राध्यापक. तिघंही बसून काम करणारे, पण ते कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मिस्त्री आणि लांब्याने पाच वर्षं त्या फळ्याकडे बघत घाम गाळला. कारखान्यात यातलं कुणाला काही कळत नव्हतं. पहिल्या मॅरेथॉननंतर सुपरवायझरबाईंनी विचारलं होतं, "कितवा नंबर आला हो मिस्त्री?"

"आठशे बारावा."

"अगंबाई! मग आधीचे आठशे अकरा काय उडत गेले?"

सगळा मजला हसला होता. मिस्त्रीही हसला. पण घरी जाऊन बायकोला म्हणाला, "एकदा चाराच्या आत आलो ना, की कुणी काही विचारणार नाही."

पाच वर्षं अशी गेल्यावर दोघं बसने दूरच्या एका शहरात शर्यतीला गेले. अर्ध्या वाटेपर्यंत खांद्याला खांदा लावून पळाले. मग मिस्त्रीचे पाय जड झाले आणि लांब्या हळूहळू पुढे सरकला. एकतीस किलोमीटरच्या पाटीपाशी मिस्त्रीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. दोन तास अठ्ठावन्न. लांब्या चार मिनिटं पुढे असेल. चार तासांचं गणित आता बसत नव्हतं, हे त्याला कळलं. पाच वर्षं पाण्यात गेली असं त्याला वाटलं.

तिथून रस्ता एका तलावाच्या बांधावर शिरत होता. बांधावर दीड किलोमीटर जायचं, टोकाच्या खुणेला वळसा घालायचा आणि त्याच बांधाने परत मुख्य रस्त्यावर यायचं. उन्हं चढली होती. समोर वारा. मिस्त्री पिवळ्या बनियनवाल्या एका माणसाच्या पाठीवर नजर रोवून, मान खाली घालून पळत होता. मध्येच एका पाण्याच्या टेबलापाशी लाल शंकूंची रांग होती. झेंडा घेऊन उभा राहायला हवा होता तो पोरगेला कार्यकर्ता खोक्यांतून बाटल्या काढण्यात गुंतला होता. पिवळा बनियनवाला त्या शंकूंना वळसा घालून मागे फिरला. त्याच्यामागे आणखी दोघं फिरले. मिस्त्रीही फिरला.

मुख्य रस्त्यावर आल्यावर पुढची पाटी दिसली. चौतीस.

त्याला वाटलं, थकव्यात बत्तीस-तेहेतीसच्या पाट्या नजरेतून सुटल्या. त्याने घड्याळ पाहिलं. एकतीसच्या पाटीपासून आठ मिनिटं झाली होती. तीन किलोमीटर आठ मिनिटांत घोडा पळेल, मिस्त्री नाही.

तो थांबला. मागे वळून बांधाकडे पाहिलं. परत जाऊन खरा वळसा घालून यायचा तर अठरा-वीस मिनिटं, आणि पाय तर उभ्या जागी थरथरत होते. पाणी देणारी एक मुलगी ओरडली, "थांबू नका काका, मस्त चाललाय, चाराच्या आत येताय!"

तिच्या तोंडी ते शब्द नसते तर कदाचित तो मागे फिरला असता. कदाचित नसताही. पुढे आयुष्यभर त्याला याचं उत्तर सापडलं नाही.

तो तीन तास छप्पन्न मिनिटांत पोहोचला. रस्त्यावर अंथरलेले वेळ टिपणारे पट्टे सुरुवातीला, अर्ध्यात आणि शेवटी, एवढेच होते. बांधावर काहीच नव्हतं. यंत्राने त्याची वेळ कागदावर छापून दिली.

लांब्या चार तास तीन मिनिटांनी आला. रेषा ओलांडल्यावर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता, आणि शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला मिळतं ते पदक घालून समोर उभा असलेला मिस्त्री दिसला तेव्हा तसाच वाकलेला राहिला.

"तू? तू कधी गेलास पुढे?"

"बांधावर," मिस्त्री म्हणाला.

"बांधावर मी परत येताना तुला शोधत होतो. तू समोरून यायला हवास ना! दिसला नाहीस, तेव्हा वाटलं, पाय धरले असतील, बसला असेल कुठेतरी. जीव टांगणीला लागला माझा."

मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं, "त्याच्या आधीच गेलो होतो. पाण्याच्या टेबलापाशी तू मान खाली घालून पीत होतास. हाक मारली मी."

चुकीच्या शंकूला वळणं ही चूक होती. हे मात्र खोटं होतं, ठरवून, मित्राच्या तोंडावर बोललेलं.

लांब्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. "काय डोळे फुटलेत का माझे!" असं म्हणून त्याने मिस्त्रीला कवेत घेतलं आणि उचललं. मित्राचं चांगलं झालं म्हणून इतका मनापासून हसणारा माणूस मिस्त्रीने आधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी सांगून टाकू, असं त्याने बसमध्ये ठरवलं होतं. पण बस गावात शिरली तेव्हा सर स्वतः थांब्यावर उभे होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या हाताखालचा कारखान्यातला माणूस फळ्यावर चढला," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी चौथं नाव लिहिलं गेलं. मालकांनी सगळ्या मशिनी पाच मिनिटं थांबवून टाळ्या वाजवायला लावल्या. अकरा वर्षांची लेक पदक गळ्यात घालून शाळेत गेली. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत महिना गेला, आणि महिन्यानंतर सांगायचं म्हणजे आधी महिनाभर का गप्प बसलात याचं उत्तर द्यावं लागणार होतं. मिस्त्री बायकोलाही काही बोलला नाही.

लांब्या मात्र त्या दिवसानंतर बदलला. वरून तसाच बडबड्या, पण आतून त्याला एक कोडं कुरतडायला लागलं. सकाळच्या पळण्यात चढावर मिस्त्री कायम त्याच्या मागे असायचा. मग त्या दिवशी सात मिनिटं पुढे कसा गेला? "तू शेवटच्या दहा किलोमीटरला काय करतोस रे?" तो पुन्हा पुन्हा विचारायचा. "काहीतरी करतोस. सांग ना, गुपित कशाला ठेवतोस?"

"काही नाही. त्या दिवशी जमलं."

"असं कसं जमेल? म्हणजे माझंच काहीतरी कमी पडतंय. इथे," असं म्हणून तो छातीवर बोट ठेवायचा. "पाय आहेत माझ्याकडे, जिगर नाही."

पुढच्या वर्षी लांब्या चार तास चार मिनिटांत आला. त्याच्या पुढच्या वर्षी चार-सात. मग त्याने वेडच घेतलं. सकाळी पंधरा किलोमीटर, मग दहा तास वाफेत उभं राहून काम, सुट्टीच्या दिवशी तीस. चौथ्या वर्षी चार तास एक मिनिट. सर म्हणाले, "एका मिनिटाने हुकलास गड्या." खोलीतले सगळे चुकचुकले. मिस्त्री बाकड्यावर बसून बुटाची नाडी सोडत होता. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाने एवढं करून दाखवणं ही या खोलीतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, माझ्या नावावर थुंका. पण नाडीची गाठ सुटेना आणि तो तीच सोडवत बसला.

पाचव्या वर्षी लांब्याच्या खुब्यात कळ येऊ लागली. इस्त्रीच्या टेबलापाशी तो एका पायावर भार देऊन उभा राहायचा. मिस्त्रीने दोनदा म्हटलं, "डॉक्टरांना दाखव."

"दाखवलं तर ते पळू नको म्हणणार. मग दाखवू कशाला?"

त्या वर्षीच्या शर्यतीत मिस्त्री नव्हता. चार वर्षांत तो पुन्हा कधी पूर्ण मॅरेथॉन पळालाच नाही. गुडघ्याचं कारण सांगायचा, आणि लोक म्हणायचे, एकदा शिखर गाठलं की माणूस शहाणा होतो. लांब्या एकटाच गेला. सदतिसाव्या किलोमीटरपर्यंत तो चार तासांच्या वेळेपेक्षा पुढे होता. तिथे, सपाट रस्त्यावर, कुणाचा धक्का नाही की ठेच नाही, त्याचं खुब्याचं हाड मोडलं. जवळ उभ्या असलेल्या माणसांनी नंतर सांगितलं, की फांदी मोडावी तसा आवाज आला.

डॉक्टर म्हणाले, बारीक चीर कित्येक महिने जुनी असणार. त्या चिरेवर हा माणूस शेकडो किलोमीटर पळाला. हाडात तीन स्क्रू बसवले. मिस्त्री भेटायला गेला तेव्हा लांब्या उशीला टेकून छताकडे बघत होता. त्याची बायको खिडकीपाशी मोसंबी सोलत बसली होती.

"दोन मिनिटं हातात होती मिस्त्री," लांब्या म्हणाला. "दोन मिनिटं."

"भावोजी, तुम्ही तरी समजवा यांना," वहिनी म्हणाल्या. "डोळे उघडल्यापासून हेच. मोडलेल्या हाडाचं काही नाही, मिनिटांचं रडं."

मिस्त्रीने सफरचंदांची पिशवी खाली ठेवली, आणि तोंड उघडलं. मग वहिनींकडे पाहिलं आणि मिटलं.

सहा महिन्यांनी लांब्या काठी टेकत कामावर आला. दहा तास उभं राहणं आता शक्य नव्हतं. त्याला धागे कापायच्या टेबलावर बसवलं. तिथे अकरा बायका छोट्या कात्र्यांनी शिवलेल्या शर्टांचे लोंबणारे धागे कापायच्या. त्यांच्यात हा एवढा लांबलचक माणूस, गुडघे टेबलाखाली मावत नाहीत म्हणून तिरका बसलेला. तो आता बडबड करत नव्हता. बायका हसल्या तर तोही हसायचा, पण थोडा उशिराने.

मिस्त्रीला दिवसातून दहा वेळा त्या टेबलावरून जावं लागायचं. पंधरा दिवस तो गेला. सोळाव्या दिवशी घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हाड काय तुम्ही मोडलंत? स्वतःच्या हट्टापायी मोडलं त्यांनी. आता सांगून तुमचं ओझं उतरेल आणि त्यांच्या डोक्यावर बसेल. लेकीचा तरी विचार करा."

तो सरांकडे गेला. सर आता खूप थकले होते. ऐकताना त्यांचा चहा निवला.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"बायकोला. आणि आता तुम्हाला."

"मग इथेच थांब," सर म्हणाले. "सहा वर्षं तुझं नाव दाखवून मी लोकांना पळायला लावलं. नुसत्या बसून काम करणाऱ्यांचाच खेळ नाही हा, असं छातीठोकपणे सांगत आलो. आता काय सांगू?" मग ते म्हणाले, "मला सांगायला नको होतंस रे."

दोघांनीही गप्प राहायला सांगितलं होतं. ऐकलं असतं तर सोपं होतं. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, बायका डबे उघडत होत्या तेव्हा, मिस्त्री लांब्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला. हात तेलाचे होते, ते फडक्याला पुसत राहिला.

"त्या शर्यतीत मी टोकापर्यंत गेलो नव्हतो. बांधावर मधूनच वळलो. चुकून वळलो, पण लगेच कळलं होतं मला. मी तुझ्या पुढे गेलो नाही. तू टेबलापाशी पाणी पीत होतास, ते खोटं सांगितलं."

लांब्याच्या हातात कात्री होती. ती त्याने अलगद टेबलावर ठेवली.

"म्हणजे माझे डोळे फुटले नव्हते."

"नाही."

"मी पुढे होतो."

"चार मिनिटं. कदाचित जास्तच. मी सरळ पळालो असतो तर चार तास पाच-सहा मिनिटांत आलो असतो, तुझ्यानंतर."

लांब्याने मान हलवली. त्याचा आवाज चढला नाही. "सहा वर्षं मिस्त्री. रोज पहाटे तुझ्याबरोबर पळायचो आणि मनात म्हणायचो, याच्यात आहे ते माझ्यात नाही. घरी बायकोलाही सांगायचो. पोटच्या पोरीला सांगितलं, की तुझ्या बापात दम कमी आहे." त्याने टेबलाकडे हात केला. "आता हे यांच्यासमोर सांग. मोठ्याने."

मिस्त्रीने अकरा बायकांसमोर सगळं पुन्हा सांगितलं. कुणाचा घास हातात, कुणाचा तोंडात. त्यांना किलोमीटर आणि मिनिटं कळत नव्हती, पण माणूस काय सांगतोय ते कळत होतं. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "मग आता ते पदक या भाऊंना मिळणार का?"

"नाही मावशी," लांब्याच म्हणाला. "माझं माझ्याकडे आहे."

मिस्त्रीला अजून एक सांगायचं होतं, की ते चार तास एक मिनिट आपल्या सगळ्यांत भारी होतं. त्याने सुरुवात केली, "लांब्या, तुझं ते चार-एक..."

"राहू दे," लांब्या म्हणाला. "तुझ्या तोंडून नको."

त्या रविवारी मिस्त्रीने खोलीवर जाऊन स्वतःच्या हाताने, पॉलिशकागद घासून, फळ्यावरचं चौथं नाव काढलं. वकील आणि औषधवाला तिथेच होते. कुणी अडवलं नाही. शर्यतीच्या आयोजकांना त्याने पत्र लिहिलं, की माझी वेळ रद्द करा. दोन ओळींचं छापील उत्तर आलं. त्या वर्षीची नोंद आता ठेवलेली नाही, आपल्या सहभागाबद्दल आभार. सतरा वर्षांच्या लेकीला त्याने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी त्यावर निबंध लिहिला होता. बक्षीस मिळालं होतं मला." आणि उठून आत गेली. पुढे बोलायला लागली ती, पण कामापुरतं. पदक कपाटातून कधी गेलं आणि कुठे गेलं, हे त्याने विचारलं नाही.

एकदा संध्याकाळी धीर करून तो लांब्याच्या घरी गेला. दार वहिनींनी उघडलं. पूर्ण नाही, साखळीएवढं.

"भावोजी, मला तुमच्यावर राग काढता येत नाही, कारण हाड तुम्ही मोडलं नाही हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण येत जाऊ नका. तुम्ही येऊन गेलात की यांना झोप लागत नाही."

कारखान्यात दोघं एकाच मजल्यावर होते. टेबलापाशी दिव्याची तार सैल झाली की लांब्या दुसऱ्या कुणाकरवी निरोप धाडायचा. मिस्त्री यायचा, तार बसवायचा आणि जायचा. असं पाच महिने चाललं. मग एका सोमवारी लांब्याच्या जागेवर एक नवीन बाई बसलेली दिसली. सुपरवायझरबाई म्हणाल्या, "ते गेले ना. बायकोच्या भावाने त्यांच्या गावी दुकानात बसायचं काम दिलंय. शनिवारी सगळ्यांना भेटून गेले." मग त्यांच्या लक्षात आलं. "तुम्ही नव्हता का?"

मिस्त्री शनिवारी होता. दिवसभर होता, खालच्या मजल्यावर एक मोटर उघडून बसला होता, आणि जिन्यावरून काठीचा आवाज खाली येऊन दाराबाहेर जाताना त्याने ऐकलाही होता. त्याला वाटलं होतं, लांब्या घरी चाललाय. सोमवारी येईलच.

"होतो," तो म्हणाला.

नवी बाई खुर्ची पुढे ओढून कामाला लागली. मागून कुणीतरी हाक मारली, बाराव्या ओळीतली मशीन टाके सोडत होती. मिस्त्री तिकडे गेला आणि आवाज ऐकायला वाकला. बाईने दोनदा पायडल दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. तो वाकलेलाच होता.

"काय झालंय हिला मिस्त्री?" तिने विचारलं.

"कळत नाही," मिस्त्री म्हणाला. "उघडूनच बघावं लागेल."